‘ते’ गाणं डिलीट करू नका!

दिवाळीला गावी गेले आणि जुन्या मोबाइलमधलं मेमरी कार्ड सापडलं. त्यात आमची अकरा गाणी होती. मी गायलेली, चुलतभावानं पिठाच्या डब्यावर ठेका धरलेली. पहिलं ऐकलं आणि हसू आवरेना. सूर कुठे, ताल कुठे! पहिला विचार एकच आला, ‘कोणी ऐकायच्या आत उडवून टाकू.’

खरं सांगा, तुमच्याकडेही असं काहीतरी आहे ना? शाळेत असताना केलेलं रॅप, गणपतीत रचलेलं गाणं, मित्राला चिडवायला पाठवलेली व्हॉइस नोट? आज ऐकताना लाज वाटते. पण थांबा.

आमचं एक गाणं २०१७ चं आहे. त्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भातला कापूस खाल्ला. चौदा वर्षांच्या मी लिहिलं होतं : ‘अळीनं खाल्लं बोंड, बाबाचं उतरलं तोंड.’ कविता म्हणून शून्य मार्क. पण त्या वर्षी घरात काय चाललं होतं, ते दुसऱ्या कुठल्या कागदावर आहे? आम्ही कापसाच्या खोलीत रेकॉर्ड करायचो. कापूस आवाज शोषून घेतो, त्यामुळे २०१६ ची गाणी दबकी येतात. २०१७ च्या गाण्यात मात्र आवाज घुमतो. खोली जवळपास रिकामी होती.

दुसरी गोष्ट भाषेची. त्या गाण्यांत मी बिनधास्त ‘मले’, ‘तुले’ म्हणते. आम्ही घाटाखालचे, आमची बोली वऱ्हाडी. पत्रकारिता शिकायला शहरात आले आणि उच्चार ‘सुधारले’. आता घरी फोनवरही ‘मला’च येतं तोंडात. माझी जुनी बोली त्या कार्डावरच उरलीय.

आणि एका गाण्यात मध्येच आजी ओरडते, “कायचा गोंधळ लावला रे पोट्टेहो?” आजी आता नाही. तिचा आवाज एवढाच. ती जात्यावरच्या ओव्या म्हणायची, त्यातली एकही मी रेकॉर्ड केली नाही. आमच्या लेखी ते ‘गाणं’ नव्हतंच!

शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी त्यांची गाणी वहीत उतरवून ठेवली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या, १९५२ मध्ये पुस्तक आलं. ती वही नसती तर? हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या टिकल्या. आपली गाणी त्या तोडीची नाहीत, मान्य. पण काय टिकवायचं हे त्या-त्या वेळी कुणाला कळतं?

वही निदान ट्रंकेत राहते. मोबाइल फॉरमॅट झाला, कार्ड करप्ट झालं, की संपलं. म्हणून या रविवारी दोन कामं करा. जुन्या फाइल्स दोन ठिकाणी कॉपी करा. नावात वर्ष, गाव आणि कोण गातंय ते लिहा. आणि घरात आजी असेल, तर मोबाइल तिच्यासमोर ठेवून म्हणा, “आजी, एखादी ओवी म्हण ना.”

माझी अकराही गाणी मी ठेवलीत. ऐकवणार मात्र कोणालाच नाही हं!