लंगरखान्यापासून तेभागापर्यंत

पूर येतो, साथ पसरते, वस्तीला आग लागते आणि आपले कार्यकर्ते धावून जातात. संकट ओसरले की शाखेच्या बैठकीत एक प्रश्न हटकून निघतो: हे काम पक्षाचे की धर्मादाय संस्थेचे? काही साथी अशा कामाला सुधारवाद ठरवून मोडीत काढतात. उलट काहींना मदतकार्य इतके मानवते की मोर्चा, घेराव, खटला ही सारी त्यांना नसती कटकट वाटू लागते. या दोन्ही भूमिका आपल्याच चळवळीचा इतिहास विसरल्याच्या खुणा आहेत.

१९४३ चा बंगाल आठवावा. १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तिकडून येणारा तांदूळ बंद झाला. जपानी सैन्याच्या उपयोगी पडू नयेत म्हणून ब्रिटिश सरकारने किनारपट्टीतील हजारो नावा काढून घेतल्या. कोळ्यांचा धंदा आणि धान्याची वाहतूक दोन्ही त्यात बुडाली. भडकलेले भाव आणि साठेबाजांची हाव यांनी उरलेले काम पुरे केले. चौकशी आयोगाने १९४५ मध्ये मृतांची संख्या सुमारे १५ लाख सांगितली. नंतरच्या कित्येक अभ्यासकांनी ती ३० लाखांच्या घरात नेली आहे. सरकारने मात्र दुष्काळ अधिकृतपणे जाहीरसुद्धा केला नाही.

अशा वेळी कम्युनिस्ट कार्यकर्त्यांनी पीपल्स रिलीफ कमिटी आणि महिला आत्मरक्षा समिती यांच्यामार्फत लंगरखाने आणि औषधोपचाराची केंद्रे चालविली. लंगरखाने धनिकांनी आणि धर्मसंस्थांनीही उघडले होते, आणि तेथेही भुकेल्यांची पोटे भरत होती. ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु आत्मरक्षा समितीच्या स्त्रिया मार्च १९४३ मध्येच, दुष्काळ शिगेला पोहोचण्याच्या कितीतरी आधी, तांदळाची मागणी घेऊन हजारोंच्या संख्येने कलकत्त्याच्या विधानसभेवर चालून गेल्या होत्या. चित्तप्रसादांची रेखाचित्रे आणि सुनील जाना यांची छायाचित्रे पक्षाच्या 'पीपल्स वॉर'मधून देशभर पोहोचली. चित्तप्रसादांच्या पुस्तिकेच्या प्रती तर सरकारने जप्त करून नष्ट केल्या. नुसता भात वाढणाऱ्याच्या वाट्याला सरकारचा असा रोष सहसा येत नाही. इप्टाच्या बंगाल पथकाने मुंबईसह ठिकठिकाणी प्रयोग करून मदतनिधी जमविला तो याच काळात.

त्या दुष्काळात असंख्य छोट्या शेतकऱ्यांच्या जमिनी जोतदारांच्या घशात गेल्या. १९४६ च्या अखेरीस किसान सभेने तेभागाची हाक दिली: पिकाचे दोन हिस्से कसणाऱ्याचे, आणि धान जोतदाराच्या खळ्यावर न नेता आपल्याच खळ्यावर. दोन तृतीयांश वाट्याची शिफारस फ्लाउड आयोगाने १९४० मध्येच केली होती. ती कागदावर पडून होती. दिनाजपूर, रंगपूर, जलपाईगुडीतील बटाईदार जिवावर उदार होऊन उभे राहिले, कारण लाल बावटा घेऊन आलेली माणसे त्यांना परकी नव्हती. हे एकच कारण होते असे कोणी म्हणू नये, पण ते लहानही नव्हते.

याच बंगालमध्ये २०२१ च्या उन्हाळ्यात 'रेड व्हॉलंटिअर्स' तरुण-तरुणींनी खांद्यावरून ऑक्सिजनचे सिलिंडर घरोघर पोहोचविले. त्याच सुमारास लागलेल्या निकालात डाव्या आघाडीला विधानसभेची एकही जागा मिळाली नाही. कित्येक साथी त्याने खचले. सेवा ही मतांसाठी दिलेली आगाऊ रक्कम नसते, हे त्यांना सांगावे लागेल. तथापि तेवढे सांगून पक्षाची सुटका होत नाही. ज्या घरी सिलिंडर गेला, त्या घरी महिन्याभराने कोण गेले? सरकारी रुग्णालयात खाट का मिळाली नाही, हा प्रश्न त्या कुटुंबाला सोबत घेऊन कोणी मांडला?

शाखांनी आपापल्या मदतकार्याच्या वह्या काढाव्यात. त्यांत नावे आहेत, पत्ते आहेत. त्यांतील किती जण आज युनियनमध्ये, किसान सभेत, महिला संघटनेत आहेत, याची मोजदाद पुढील बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर पहिल्या क्रमांकाला घ्यावी.