छेदात शून्य आले तर

अकरावीला सरळ रेषेचे प्रकरण सुरू झाले, की फळ्यावर सूत्रांची रांग लागते. स्लोप-पॉइंट फॉर्म, टू-पॉइंट फॉर्म, डबल इंटरसेप्ट फॉर्म, नॉर्मल फॉर्म. मुले ती पाठ करतात आणि गुणही मिळवतात. अशा वर्गाला (३, १) आणि (३, ५) हे दोन बिंदू देऊन पाहावे. टू-पॉइंट फॉर्ममध्ये किमती घालताच एका छेदात शून्य येते आणि बरीच मुले ‘समीकरण शक्य नाही’ असे लिहून मोकळी होतात. पट्टीने ते बिंदू जोडले तर रेषा समोर उभी आहे, पण पट्टी घ्यायचे कुणाच्या मनात येत नाही.

दोष मांडणीचा आहे. तेच सूत्र भागाकाराऐवजी गुणाकारात लिहा: (य − १)(३ − ३) = (क्ष − ३)(५ − १). डावी बाजू शून्य झाली, उरले क्ष = ३. उभ्या रेषेसाठी वेगळा नियम लागत नाही.

दहावीत चढ शिकून आलेल्या मुलाला खरे तर नवे काही सांगायचेच नसते. दोन बिंदूंनी चढ ठरला. आता (क्ष, य) हा कोणताही तिसरा बिंदू त्याच रेषेवर असेल, तर पहिल्या बिंदूपासून त्याचा चढ तेवढाच भरला पाहिजे. ही अट लिहिली की झाले समीकरण. बाकीचे सगळे फॉर्म हे तिचेच वेगवेगळे पोशाख. पहिल्या दोन तासिका या एका अटीवर घालवाव्यात, सूत्रांचा तक्ता नंतर लावावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. पोर्शन मागे पडेल ही तक्रार आम्हाला ठाऊक आहे. पुढे वर्तुळाला आणि स्पर्शिकेला हा वेळ भरून निघतो.

उदाहरण विज्ञानाच्या वहीतच आहे. बर्फ वितळते ०° सेल्सियसला, म्हणजे ३२° फॅरनहाइटला. पाणी उकळते १००° आणि २१२° ला. बिंदू (०, ३२) आणि (१००, २१२), चढ १८०/१०० म्हणजे ९/५, आणि समीकरण य = (९/५)क्ष + ३२. शाळेपासून पाठ असलेले हे सूत्र आपण दोन मिनिटांत स्वतः काढू शकतो, हे पाहून मुले चकित होतात. लगेच विचारावे: दोन्ही मापांवर आकडा एकच कधी दिसेल? य = क्ष ठेवले की −४० मिळते.

मात्र कोणत्याही दोन बिंदूंतून रेषा जातेच, म्हणून दोन बिंदूंनी संबंध रेषीय असल्याचे सिद्ध होत नाही. इथे तो रेषीय आहे कारण दोन्ही मापांचे भाग समान पाडलेले आहेत. प्रयोगशाळेत स्प्रिंगला वजने टांगून ताण मोजला, तर तिसरा बिंदू थोडा बाजूलाच पडतो. मग सर्वांत जवळची रेषा कोणती? लजांद्रने १८०५ मध्ये धूमकेतूंच्या कक्षांवरील पुस्तकात न्यूनतम वर्गांची रीत छापली, ती अशाच प्रश्नासाठी.

पुढील अंकांसाठी वाचकांकडून असे प्रश्न हवे आहेत, ज्यांत बिंदू मुलांनीच शोधायचे असतील. रिक्षाचे भाडे चालेल. पहिल्या दीड किलोमीटरला ती रेषा का लागू होत नाही, हेही विचारा. विजेचे बिल अधिक अवघड आहे, कारण युनिटांच्या टप्प्यागणिक चढ बदलतो.