पैसे नकोत, फोटो दे!

खंडणी म्हटलं की आपल्याला टोळीवाला भाई आणि घाबरलेला बिल्डर आठवतो. पण आता खंडणीखोर थेट मुलांच्या मोबाईलमध्ये शिरतो. आधी ओळख, मग गप्पा, मग एखादा खासगी फोटो. आणि नंतर धमकी: 'पैसे दे, नाहीतर सगळ्यांना पाठवतो.'

कायदा इथे गप्प नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 308 खंडणीबद्दलच आहे. जुन्या दंड संहितेत साध्या खंडणीला जास्तीत जास्त 3 वर्षं कैद होती, आता 7 वर्षं आहे. इलेक्ट्रॉनिक उपकरणावरून मेसेज पाठवून, मुलाच्या जिवाची धमकी देऊन पैसे उकळणं, हे उदाहरणच कलमात दिलं आहे. पैसे दिले नसले, तरी ते उकळण्यासाठी भीती घालणं हाही गुन्हाच.

पण समोरच्याने पैशांऐवजी 'आणखी फोटो पाठव' म्हटलं तर? कलम 308 मुख्यतः मालमत्ता, मौल्यवान कागदपत्रं किंवा सही केलेला दस्त यांच्याबद्दल बोलतं. मग गुन्हेगारी धमकीचं कलम 351, माहिती तंत्रज्ञान कायदा आणि मूल 18 वर्षांखालचं असेल तर पॉक्सो, यांचा आधार घ्यावा लागतो. कलमं आहेत, पण विखुरलेली.

राज्यांना यात बदल करता येतो. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे. विधिमंडळाने केलेल्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची संमती मिळाली, की ती त्या राज्यात लागू होते. जम्मू-काश्मीरने 2018 मध्ये आपल्या रणबीर दंड संहितेत, अधिकाराचा गैरफायदा घेऊन लैंगिक मागणी करणं हा वेगळा गुन्हा ठरवला होता. 2019 मध्ये ती संहिताच गेली. ऑनलाईन धमकीसाठीही असंच स्पष्ट कलम राज्यांनी आणायला हवं.

तोवर एवढं करा. पैसे देऊ नका. चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 वर फोन करा. तुम्ही इंदूरला असा की बंगळूरूला, 'झिरो एफआयआर' कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते.

आणि मूल सांगायला आलं, तर पहिला प्रश्न 'फोटो पाठवलासच का?' हा नको. त्याच प्रश्नाच्या भीतीवर तर या लोकांचा धंदा चालतो.