मानेला हिसका देऊ नका

मंठ्याच्या शिवारात कापूस फुटला की बाया कमरेला ओटी बांधून वाकतात, त्या दिवस मावळेपर्यंत. वेचणीची मजुरी किलोवर, मग मान वर करायला सवड कुणाला? फवारणीच्या दिवसांत गड्यांचीही तीच गत. १६ लिटरचा पंप भरला की नुसतं पाणीच १६ किलो होतं आणि पट्टे मान-खांद्यामधल्या मांसात रुततात. रात्री मान आखडते. मग मेडिकलवरून दुखायची गोळी, नाहीतर दाढीला बसल्यावर, "दादा, जरा मान मोडून द्या."

हे मान मोडून घेणं तेवढं बंद करा, हात जोडून सांगतो. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधूनच वर जातात. अचानक पीळ बसला तर त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं, गुठळी होते आणि माणसाला लकवा मारतो. असं क्वचित घडतं, पण घडलं तर कर्तं माणूस अंथरूण धरतं. कडकन आवाज आला म्हणजे हाड जागेवर बसलं, असंही नसतं. सांध्यातल्या वंगणात वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज.

बहुतेक वेळा दुखतं ते मांस, आणि त्यावर सावकाश दाब हा उपाय आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या डॉक्टर राहिलेल्या जॅनेट ट्रॅव्हेल यांनी डेव्हिड सायमन्स यांच्यासोबत १९८३ साली स्नायूंतल्या अशा दुखऱ्या गाठींवर मोठा ग्रंथ लिहिला. आज फिजिओथेरपिस्ट या गाठी हातानेच शोधतात.

घरी करायचं ते असं. आधी गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने दहा मिनिटं शेक द्या. दुखणाऱ्या माणसाला बसवून हात उशीवर टेकवायला सांगा, म्हणजे खांदा सैल पडतो. मानेपासून खांद्याकडे बोटं फिरवा. ताठ दोरीसारखा पट्टा लागेल, त्यातच गाठ असते. तिच्यावर अंगठा ठेवून हळूहळू दाब वाढवा. "दुखतंय, पण बरं वाटतंय," असं म्हणेपर्यंतच. तिथेच अर्धा-एक मिनिट थांबा. दुखणं ओसरलं की हळूच सोडा. असं दोन-तीनदा. नंतर कान दुसऱ्या बाजूच्या खांद्याकडे झुकवून वीस-तीस सेकंद ताण द्या, झटका नको. मणक्यावर आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला दाबू नका. करणारं कुणी नसेल तर भिंत आणि पाठ यांच्यामध्ये रबरी चेंडू धरा.

गड्यांनो, तुमचे खांदे घरची बाई दाबून देते. वेचणीवरून आल्यावर तिचे कोण दाबतं? हे तुम्ही शिका. पाच मिनिटांचं काम आहे.

नुसतं दाबलं तर दुखणं पुन्हा येतं. वेचताना तासा-तासाने उभं राहून खांदे मागे ओढा, हनुवटी आत घ्या, ओटी जड होण्याआधी रिकामी करा. पंपाच्या पट्ट्याखाली जाड फडकं घाला. रोज गोळी खाऊ नका, पोट आणि किडनी दोन्हींना धोका असतो.

हाताला मुंग्या येत असतील, पकड सुटत असेल, चालताना तोल जात असेल, ताप असेल किंवा पडल्यावर मान दुखू लागली असेल, तर दाबू नका. मंठ्याच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा. छातीत दडपण, घाम आणि खांद्यात कळ असेल, तर शेकत बसू नका, १०८ ला फोन करा.