पडद्यावरच्या मोटारी आणि त्यांची नोंद

चित्रपटात क्षणभर दिसून गेलेली जुनी मोटार कोणत्या कंपनीची, कोणत्या सालची, हे शोधून टिपून ठेवणाऱ्यांकडे आपल्या समीक्षेने बहुधा गमतीनेच पाहिले आहे. पोस्टाची तिकिटे जमवावीत तसा हा छंद, त्याचा चित्रपटाच्या आशयाशी काय संबंध, असा एकूण सूर असतो. मला हा सूर मान्य नाही. मोटार ओळखणे हे चित्रपट वाचण्याचेच एक अंग आहे. तक्रार करायचीच तर ती वेगळी करावी लागेल: ही नोंद जिथे सर्वांत महत्त्वाची होऊ लागते, नेमकी तिथेच ती थांबते.

आधी तिचा उपयोग पाहू. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आरंभी क्रायस्लर समूहाच्या गाड्यांची जुळणी होत असे. १९५४ पासून तिथे फियाट ११०० तयार होऊ लागली. तिच्या गोलसर अंगामुळे मुंबईकरांनी तिला ‘डुक्कर फियाट’ म्हटले. १९६४ मध्ये तिची जागा चौकोनी धाटणीच्या ११०० डी ने घेतली आणि सत्तरच्या दशकात त्याच गाडीला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. तेव्हा एखाद्या तारीख नसलेल्या छायाचित्राच्या कडेला डुक्कर फियाट उभी असेल, तर ते १९५४ च्या आधीचे असण्याची शक्यता फार थोडी उरते. क्रमांकाच्या पाटीवर ‘एमएच’ ही अक्षरे असतील, तर दृश्य जुलै १९८९ नंतरचे, कारण राज्यवार अक्षरांची ही पद्धत तेव्हा लागू झाली. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात लागलेल्या आगीत नायट्रेट फिल्मवरचे किती तरी जुने चित्रपट नष्ट झाले. असे चित्रपट गेले की मागे उरतात ती सुटी छायाचित्रे, भित्तिपत्रके आणि तुकडे. त्यांचा काळ ठरवताना बोनेटची जाळी आणि मडगार्डचा बाक हेही साक्षीदार ठरतात. १९७९ च्या ‘सिंहासन’मध्ये दिसणाऱ्या मोटारींची ओळखवार यादी केली, तर त्या मुंबईतल्या सत्तेची उतरंडही त्या यादीत उमटेल.

इथवर छांदिष्टांचे आणि माझे एकमत आहे. मतभेद सुरू होतो तो सालापाशी. युरोप-अमेरिकेतल्या नोंदींत मोटारीचे साल आणि कथेचे साल सहसा जवळजवळ असते, आणि तसे नसेल तर ती दिग्दर्शकाची चूक म्हणून दाखवली जाते. आपल्याकडे प्रत्येक मोटारीला तीन साले असतात: ती बनली ते, कथा घडते ते आणि चित्रण झाले ते. या सालांमधले अंतर हाच आपला इतिहास आहे. ऋत्विक घटकांच्या ‘अजांत्रिक’मधली (१९५८) जगद्दल ही १९२० ची शेव्हरोले, म्हणजे पडद्यावर आली तेव्हा अडतीस वर्षांची. सत्यजित राय यांच्या ‘अभिजान’मध्ये (१९६२) नरसिंग चालवतो ती टॅक्सी १९३० ची क्रायस्लर, म्हणजे बत्तीस वर्षांची. यात चूक काहीच नाही. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली होती. स्वातंत्र्यानंतर जकात आयोगाच्या शिफारशींवरून, नुसती जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना इथे राहणे अशक्य झाले आणि १९५४ साली हा कारखाना बंद पडला. नव्या गाड्या मोजक्या आणि महाग, म्हणून जुन्या गाड्या ठिगळे लावून चालत राहिल्या. बिमल आणि जगद्दल यांचे नाते समजून घ्यायचे तर हे अर्थकारण ठाऊक हवे. निव्वळ ‘शेव्हरोले, १९२०’ एवढ्या नोंदीत ते मावत नाही.

ठिगळांबद्दल सरकारचे मतही पाहण्याजोगे आहे. जुलै २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या खासगी वाहनांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी पाटी देऊ केली. पण वाहन मूळ रूपात असावे, त्यात मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट घातली. म्हणजे गॅरेजात झाकून ठेवलेली मोटार वारसा ठरते आणि पोटासाठी राबलेली भंगार. ‘अजांत्रिक’च्या शेवटी जगद्दल भंगारातच जाते. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीचेही तेच झाले. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. जे राबले ते मूळ रूपात उरत नाही, हे माणसांइतकेच यंत्रांनाही लागू आहे. चित्रपटांतली नोंद म्हणूनच मोलाची: राबणाऱ्या गाड्यांचे रूप पुष्कळदा तिथेच शाबूत राहिले आहे.

डहाणू-तलासरीच्या बाजूने पाहिले की या नोंदीतली आणखी एक उणीव दिसते. मुंबई-अहमदाबाद महामार्ग चारोटीवरून तलासरीला आणि पुढे आच्छाडच्या नाक्यावरून गुजरातेत जातो. इथल्या वारल्यांनी मोटार पाहिली ती प्रामुख्याने रस्त्याच्या कडेने. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मधले सावकार, जमीनदार आणि जंगलाचे ठेकेदार आठवा. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने मोटारीची खरी ओळख तिच्या कंपनीत नसते, आत कोण बसले आहे यात असते. ही ओळखही नोंदीत यायला हवी. ‘अजांत्रिक’मध्ये ओराँव आदिवासी आहेत, त्यांचे नृत्य आहे. गाडीचे नाव, कंपनी, साल सगळीकडे सापडते. त्या माणसांची नावे शोधण्याचे कष्ट क्वचितच कोणी घेतले असतील. लोखंडाचे गोत्र आपण जपून ठेवतो आणि चौकटीतल्या माणसाला ‘स्थानिक’ म्हणून मोकळे होतो.

योगायोग असा की तलासरीला लागूनच असलेल्या उंबरगावच्या वृंदावन स्टुडिओत १९८०च्या दशकात ‘रामायण’ मालिकेचे चित्रण झाले. पौराणिक कथेत मोटार दिसणे हाच दोष, म्हणून तिला कटाक्षाने चौकटीबाहेर ठेवायचे. पण सामान, कलावंत आणि गर्दीतली माणसे वाहनांतूनच येणार. चौकटीत नसलेल्या त्या वाहनांची नोंद कोण ठेवणार?

यावर एक आक्षेप रास्त आहे. नोंद नेमकी राहते ती मर्यादित असते म्हणूनच. तिच्यात समाजशास्त्र कोंबले तर ना धड यादी राहील, ना धड निबंध. मला आक्षेप मान्य आहे, निष्कर्ष नाही. अचूकता आधी हवीच. फियाट आणि पद्मिनी यांतला फरक ज्याला कळत नाही त्याने भाष्य करू नये. पण कंपनी आणि साल यांच्या जोडीला चार रकाने वाढवले तर नेमकेपणा बिघडत नाही: पाटीवरचा क्रमांक, चित्रणाचे ठिकाण, चालवणारा कोण, आणि चौकटीत आणखी कोण उभे आहे. ज्यांनी या गाड्या खोलून पुन्हा जोडल्या ते महामार्गालगतचे जुने मिस्त्री यातले बरेच सांगू शकतील. आवाजावरून आणि बिजागरीवरून गाडी ओळखणारी ती पिढी आता थकली आहे. त्यांच्याकडे आज गेलो नाही, तर शेवटचे दोन रकाने कायमचे कोरे राहतील.