संप्रेरकांच्या गोळ्या : सोय, भीती आणि विवेक

बंगळूर शहराच्या पूर्वेस व्हाइटफील्ड नावाचे उपनगर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अँग्लो-इंडियन कुटुंबांची एक लहानशी शेतकरी वसाहत म्हणून ते वसले. आज तेथे संगणक-उद्योगाच्या भव्य इमारती उभ्या आहेत, २०२३ पासून शहराची मेट्रो रेल्वे तेथवर पोहोचली आहे, आणि देशाच्या सर्व भागांतून आलेली कुटुंबे तेथे नांदत आहेत. त्यांत महाराष्ट्रातून नोकरीनिमित्त गेलेली कुटुंबेही आहेत. ही कुटुंबे आपल्याबरोबर गौरी-गणपती, हळदीकुंकू व सत्यनारायण घेऊन गेली, आणि त्यांच्याबरोबर एक जुनी अडचणही घेऊन गेली. सण आणि पाळी एकाच दिवशी येणार असे दिसू लागले की औषधाच्या दुकानातून ‘पाळी लांबवण्याची गोळी’ आणली जाते. पुष्कळदा तीसाठी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली जात नाही आणि दाखवलीही जात नाही.

तिकडे मराठवाड्यात, बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची स्थिती याच्या अगदी उलट दिसते. त्यांच्या वाट्याला गोळी येतच नाही, एकदम शस्त्रक्रिया येते. या दोन चित्रांत वरवर काहीच साम्य नाही. तथापि दोन्हींच्या मुळाशी एकच चूक आहे. स्त्रीच्या शरीराची चौकशी न करता ते दुसऱ्या कोणाच्या तरी दिनदर्शिकेत बसवण्याचा प्रयत्न दोन्हीकडे होतो. संप्रेरकांची औषधे ही गेल्या शतकातील वैद्यकाची एक मोठी देणगी होय. ती सुरक्षितपणे कशी वापरावी हा प्रश्न केवळ वैद्यकीय नाही. तो सामाजिकही आहे.

शरीरातील कारभार

स्त्रीच्या बीजकोशांत प्रामुख्याने दोन संप्रेरके तयार होतात : इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन. पाळीनंतरच्या पंधरवड्यात इस्ट्रोजेनच्या प्रभावाने गर्भाशयाचे अस्तर वाढते. बीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन त्या अस्तराला स्थैर्य देते. गर्भ न राहिल्यास दोन्ही संप्रेरकांचे प्रमाण उतरते, अस्तराचा आधार सुटतो व रक्तस्राव होतो. पाळी म्हणजे ‘विटाळ’ नव्हे. संप्रेरकांच्या चढउताराचा तो एक दृश्य परिणाम आहे, इतकेच. हे एकदा ध्यानात आले की गोळीचे कार्यही सहज उमगते. बाहेरून प्रोजेस्टेरॉनसारखे द्रव्य देत राहिल्यास अस्तराचा आधार टिकतो व पाळी थांबून राहते. ते द्रव्य बंद करताच दोन-तीन दिवसांत पाळी येते.

मात्र संप्रेरके केवळ गर्भाशयापुरती काम करीत नाहीत. ती रक्तावाटे सर्व शरीरभर फिरतात. तोंडाने घेतलेली गोळी प्रथम यकृतातून जाते, आणि यकृत हेच रक्त गोठवणारी अनेक प्रथिने तयार करणारे इंद्रिय आहे. इस्ट्रोजेनयुक्त गोळीने या प्रथिनांचे प्रमाण वाढते. त्यामुळे काही स्त्रियांच्या शिरांत, विशेषतः पायांच्या खोल शिरांत, रक्ताची गुठळी होण्याचा संभव वाढतो. ती गुठळी सुटून फुप्फुसात अडकली तर प्राणावर बेतते. हा धोका फार थोड्या स्त्रियांना असतो. पण कोणाला अधिक आहे हे पुष्कळ अंशी आधी विचारून कळू शकते. म्हणून विचारणे हाच सुरक्षिततेचा पाया होय.

मात्रेचा इतिहास

१९५१ साली मेक्सिको शहरातील एका प्रयोगशाळेत रानटी कंदापासून मिळणाऱ्या द्रव्यावर प्रक्रिया करून नॉरएथिस्टेरॉन हे संप्रेरक प्रथम तयार झाले. पाळी लांबवण्यासाठी आज बहुधा हेच वापरतात. अमेरिकेत पहिल्या संयुक्त गोळीला १९५७ मध्ये पाळीच्या विकारांसाठी व १९६० मध्ये संततिनियमनासाठी मान्यता मिळाली. त्या गोळीत इस्ट्रोजेनची मात्रा सुमारे १५० मायक्रोग्रॅम होती. पुढील वर्षीच रक्तगुठळीची पहिली नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली. त्यानंतर शास्त्रज्ञांनी मात्रा क्रमाक्रमाने उतरवली. भारत शासनाच्या ‘माला’ गोळीत आज इस्ट्रोजेन केवळ ३० मायक्रोग्रॅम असते. तिच्या पाकिटात संप्रेरकाच्या २१ व लोहाच्या ७ गोळ्या असतात. धोका दिसला म्हणून औषध टाकून दिले नाही आणि उपयोग आहे म्हणून धोका झाकलाही नाही. विज्ञानाची रीत अशीच असावी.

भारतात मात्र या रीतीसाठी झगडावे लागले. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन यांचे मोठ्या मात्रेचे मिश्रण एके काळी येथे गर्भ आहे की नाही हे पाहण्यासाठी सर्रास दिले जाई. ‘चुकलेली पाळी आणणारी गोळी’ म्हणून ते घरोघर ठाऊक होते. त्याने गर्भपात होत नसे, आणि गर्भ असल्यास त्याला अपाय होण्याची भीती असे. १९८२ साली केंद्र शासनाने त्यावर बंदी घालण्याचा हुकूम काढला. परंतु उत्पादकांनी न्यायालयांत धाव घेतली. स्त्री-संघटना, ग्राहक-संघटना व समाजाभिमुख डॉक्टर यांनी हा प्रश्न लावून धरला, जाहीर सुनावण्या झाल्या, आणि १९८८ मध्ये बंदी अखेर अमलात आली. ज्या औषधाची गरज नव्हती ते सहा वर्षे केवळ सवयीच्या व विक्रीच्या जोरावर टिकून राहिले. ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

सणासाठी गोळी

पाळी लांबवण्यासाठी नॉरएथिस्टेरॉनची ५ मिलिग्रॅमची गोळी साधारणतः दिवसातून तीनदा, पाळीच्या तीन दिवस आधीपासून देतात. निरोगी स्त्रीने डॉक्टरांच्या सल्ल्याने क्वचित केव्हातरी थोडे दिवस ती घेतल्यास बहुधा अपाय होत नाही. परंतु ‘यात इस्ट्रोजेन नाही, म्हणून ही अगदी निर्धोक’ असे जे समजले जाते ते खरे नव्हे. या मात्रेत नॉरएथिस्टेरॉनचा काही अंश शरीरातच इस्ट्रोजेनमध्ये रूपांतरित होतो, आणि त्याचे प्रमाण संततिनियमनाच्या गोळीतील मात्रेच्या जवळपास जाऊ शकते. म्हणून जिला पूर्वी गुठळी झाली आहे, जिच्या आईला वा बहिणीला तरुणपणी ती झाली आहे, जी फार स्थूल आहे, धूम्रपान करते, नुकतीच अंथरुणाला खिळून होती किंवा लांबच्या प्रवासाला निघाली आहे, तिने ही गोळी आपल्या मनाने घेऊ नये. आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. अशा रीतीने घेतलेली गोळी संततिनियमनाचे काम करीत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळावे. मुलीची परीक्षा आहे, खेळाडूची स्पर्धा आहे, एखादीला असह्य वेदना होतात. अशा वेळी पाळी पुढे नेण्याची इच्छा तिची स्वतःची असते व ती रास्तही असते. पण घरातील पूजेला ‘अडचण’ नको म्हणून सून दर वर्षी, कधी वर्षातून दोन-तीनदा, गोळी घेते तेव्हा ती इच्छा कोणाची असते? ज्या घरात संगणकावर साऱ्या जगाचे व्यवहार चालतात, त्या घरात एका नैसर्गिक क्रियेसाठी तिथीपुढे शरीराने माघार घ्यावी, हे विसंगत होय. श्रद्धा ज्याची त्याने ठेवावी; परंतु त्या श्रद्धेची किंमत एकीच्या रक्तवाहिन्यांनी मोजावी असा आग्रह कोणत्याही धर्मास शोभत नाही. पूजा दुसऱ्या कोणी केली, किंवा पाळीतही तिनेच केली, तर काही बिघडत नाही. हे घरातील वडीलधाऱ्यांनी बोलून दाखवले तर कितीतरी गोळ्या दुकानातच राहतील.

ऋतुनिवृत्ती आणि भीती

सणाची गोळी निष्काळजीपणे घेतली जाते. ऋतुनिवृत्तीच्या उपचारांची मात्र वाजवीपेक्षा अधिक भीती बाळगली जाते. भारतीय स्त्रीची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी थांबते. इस्ट्रोजेन ओसरल्यामुळे अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे वाटणे, रात्री घामाने जाग येणे, योनिमार्ग कोरडा पडणे, हाडे हळूहळू विरळ होणे हे त्रास उद्भवतात. त्यांवर संप्रेरके हा परिणामकारक उपाय आहे.

या उपायाचा इतिहास दोन टोकांचा आहे. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत ‘चिरतारुण्याची गोळी’ म्हणून केवळ इस्ट्रोजेनचा गवगवा झाला. १९७५ मध्ये असे दिसून आले की गर्भाशय असलेल्या स्त्रीला एकटे इस्ट्रोजेन दिल्यास अस्तराचा कर्करोग वाढतो. तेव्हापासून अशा स्त्रीला प्रोजेस्टेरॉनची जोड देणे आवश्यक मानतात. पुढे २००२ साली १६,६०८ स्त्रियांवरील एका मोठ्या अमेरिकन अभ्यासातील संयुक्त उपचार मध्येच थांबवण्यात आले. दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे ८, हृदयविकाराचे ७ व पक्षाघाताचे ८ रुग्ण अधिक, तर मांडीचे हाड मोडण्याचे ५ प्रकार कमी, असे त्याचे निष्कर्ष होते. जगभर घबराट पसरली व असंख्य स्त्रियांनी उपचार सोडले. परंतु त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन पुष्कळ वर्षे लोटली होती. नंतरच्या परीक्षणातून असे स्पष्ट झाले की साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, त्रास असलेल्या व अन्यथा निरोगी स्त्रीला सुरू केलेल्या उपचारांत लाभाचे पारडे बहुधा जड असते. गुठळीचा धोका असल्यास त्वचेवर लावायचे इस्ट्रोजेन तोंडाच्या गोळीपेक्षा बरे, कारण ते प्रथम यकृतातून जात नाही.

बीडचा धडा

या सर्व ज्ञानाचा लाभ कोणाला मिळतो? २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. सहांपैकी एक, असे हे प्रमाण आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि एक दिवस खाडा पडला तरी त्याचे पैसे कापले जातात. फडात शौचालय नाही, पाणी नाही, विसावा नाही. अंगावरून जास्त जाणे, ओटीपोटात दुखणे, पांढरे जाणे अशा तक्रारी घेऊन गेलेल्या तरुण स्त्रीला ‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला मिळतो, आणि कर्ज काढून ती तो पाळते.

अतिरक्तस्रावावर औषधे आहेत. संप्रेरकांच्या गोळ्या आहेत, रक्तस्राव कमी करणारी बिगर-संप्रेरक औषधे आहेत, गर्भाशयात बसवायचे संप्रेरकयुक्त साधन आहे. लखनौच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत सिद्ध झालेली व १९९१ पासून ‘सहेली’ या नावाने मिळू लागलेली बिगर-स्टेरॉइड गोळीही या विकारावर वापरली जाते. जंतुसंसर्ग असेल तर त्याचे औषध वेगळे. तीस-पस्तिशीत शस्त्रक्रिया करून बीजकोशही काढले तर इस्ट्रोजेन एका दिवसात नाहीसे होते, आणि हाडांना व हृदयाला त्याची झळ पुढे अनेक वर्षे पोहोचते. अशा स्त्रीला इतर कारणाने मनाई नसेल तर नैसर्गिक ऋतुनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरके देणे योग्य मानले जाते. फडावर परतलेल्या स्त्रीला ही गोष्ट सांगण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. जिला गोळीची गरज नाही तिला ती विनासायास मिळते आणि जिला ती औषध म्हणून हवी तिच्यापर्यंत ती पोहोचत नाही, हा अन्याय होय.

गोळीपूर्वीचे प्रश्न

म्हणून गोळी घेण्यापूर्वी काही गोष्टी विचारल्या जाव्यात, आणि न विचारल्यास स्त्रीने त्या आपण होऊन सांगाव्यात. गर्भ असण्याचा संभव आहे काय? पूर्वी गुठळी, पक्षाघात, हृदयविकार, यकृताचा विकार किंवा स्तनाचा कर्करोग झाला आहे काय? रक्तदाब मोजला आहे काय? डोळ्यांपुढे चमक येऊन अर्धे डोके दुखते काय? पस्तिशीनंतर धूम्रपान चालू आहे काय? क्षयावरील रिफॅम्पिसिन किंवा फेपऱ्यावरील काही औषधे चालू आहेत काय? कारण त्यांच्यामुळे गोळीचा प्रभाव उणावतो. कारण न शोधलेला रक्तस्राव, आणि विशेषतः पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा दिसलेले रक्त, हे गोळीने दडपण्याचे लक्षण नव्हे. त्याची तपासणी प्रथम झाली पाहिजे. एका पायाला अचानक सूज व वेदना, छातीत कळ, धाप, एकाएकी दृष्टी जाणे किंवा बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही झाल्यास गोळी थांबवून तत्काळ रुग्णालय गाठावे व आपण कोणती गोळी घेत होतो ते सांगावे.

या प्रश्नांना दहा मिनिटे पुरतात. औषध-विक्रेत्याने चिठ्ठी मागावी, डॉक्टरांनी रक्तदाब मोजावा, शाळेने मुलींना व मुलांनाही पाळीचे शास्त्र शिकवावे, आणि कारखान्यांनी ऊसतोड कामगारांना पाणी, शौचालय व खाड्याविना रजा द्यावी. बीडमध्ये खाजगी रुग्णालयांतील गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू केली गेली, हे पाऊल योग्यच होते. परंतु शस्त्रक्रिया रोखणे म्हणजे उपचार देणे नव्हे. गावातील आरोग्य-केंद्रात स्त्रीरोगाची तपासणी व ही साधी औषधे मिळाली तरच ते पाऊल पुरे होईल.

संप्रेरकाची गोळी ही सोय आहे, उपचारही आहे. ती प्रसाद नव्हे आणि विषही नव्हे. ती घ्यावी की न घ्यावी याचा निर्णय, पुरेशी माहिती हाती असता, ज्या शरीरात ती जाणार आहे त्या शरीराच्या धनिणीने करावा. तो तिला करता यावा अशी परिस्थिती निर्माण करणे हे काम मात्र इतरांचे आहे.