घर आणि शाळा : ‘तूं त्यांत पडूं नकोस’

जून महिना आला कीं घरोघर नव्या पुस्तकांना वेष्टणें चढतात, दप्तरें झटकलीं जातात आणि मुलांना उपदेशाचे डोस पाजले जातात. ‘बाईंचें नीट ऐक’, ‘डबा संपवून ये’, ‘पहिल्या बाकावर बस’, या मालिकेंत आणखी एक वाक्य हमखास असतें : ‘कुणाच्या भानगडींत पडूं नकोस, आपण बरे कीं आपला अभ्यास बरा.’ हें वाक्य उच्चारतांना आपण कांहीं अनुचित बोलत आहों अशी शंकाही कोणाच्या मनाला शिवत नाहीं. आमच्याही मनाला ती गेल्या मार्चपर्यंत शिवली नव्हती.

मार्चमधील एका रात्रीं पानावर बसलों असतांना आमच्या बारा वर्षांच्या चिरंजीवांनीं सहज बातमी दिली कीं, त्यांच्या वर्गांतील एक मुलगा परीक्षा होतांच शाळा सोडून जाणार आहे. कारण विचारतां जें हळूहळू बाहेर आलें तें असें. तो मुलगा वर्षारंभीं एका खेड्यांतून शहरांत आला होता. त्याच्या बोलण्यांत ‘पाणी’चें ‘पानी’ आणि ‘कोण’चें ‘कोन’ होई. दुसऱ्याच दिवशीं वर्गानें त्याचें नांव ‘पानी’ असें ठेवून टाकलें. प्रथम नुसती टिंगल होती. मग त्याची पाण्याची बाटली लपविणें सुरू झालें. मग तो उत्तर देण्यास उभा राहिला कीं मागील बाकांवरून खसखस पिकूं लागली. आणि शेवटीं मुलांच्या व्हॉट्सॲपवरील गटांत त्याच्या बोलण्याची नक्कल करून ती सर्वांना ऐकविण्यांत येऊं लागली. दिवाळीनंतर तो मधल्या सुट्टींत एकटाच जिन्याखालीं बसून डबा खात असे. हें सर्व करणारीं मुलें किती? अवघीं ३. वर्गांत एकंदर मुलें किती? ४८.

‘मग तूं काय केलंस?’ आम्हीं विचारलें.

‘मी कांहींच केलं नाहीं, बाबा. मी त्याला कधींच त्रास दिला नाहीं,’ चिरंजीव म्हणाले. आणि जरा थांबून, ‘सगळे हसायचे तेव्हां मीही हसलों असेन. पण तुम्हीच सांगितलं होतं ना, तूं त्यांत पडूं नकोस म्हणून!’

यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. उपदेश आमचाच होता आणि मुलानें तो तंतोतंत पाळला होता. त्याच्या आईनें नंतर जी आठवण करून दिली ती याहूनही बोचणारी होती. ‘पानी’, ‘लोनी’ म्हणणाऱ्यांची नक्कल मुलानें शाळेंत प्रथम ऐकली नव्हती. दूध घालणाऱ्या गवळ्याच्या बोलण्यावरून ती आमच्याच घरीं, पाहुण्यांच्या देखत, अनेकदां रंगली होती. आणि ती हुबेहूब करून दाखविण्यांत आम्ही स्वतः वाकबगार समजले जात होतों.

घरांतील ही गोष्ट वाचकांपुढें मांडण्याचें कारण असें कीं, ती केवळ आमच्याच घरची असेल असें आम्हांस वाटत नाहीं. शाळेंतील दांडगाईचा विषय निघाला कीं आपल्या डोळ्यांपुढें दोनच मुलें उभीं राहतात, एक छळणारें आणि एक छळ सोसणारें. आपलें मूल या दोहोंपैकीं एकही नसलें कीं आपण निश्चिंत होतों. परंतु दांडगाई चालते ती तिसऱ्याच मुलांच्या बळावर, आणि सुशिक्षित घरांतील बहुतेक सालस मुलें या तिसऱ्या वर्गांत मोडतात.

दांडगाई म्हणजे काय हें आधीं स्पष्ट केलें पाहिजे. दोन तोडीस तोड मुलांची झोंबाझोंबी म्हणजे दांडगाई नव्हे. असलीं भांडणें सकाळीं होतात आणि दुपारीं मिटतात. डॅन ओल्व्हेयस या मानसशास्त्रज्ञानें १९७० च्या सुमारास स्वीडनमध्यें आणि पुढें नॉर्वेमध्यें या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला. त्यानें दांडगाईचीं तीन लक्षणें सांगितलीं आहेत. त्रास जाणूनबुजून दिलेला असतो; तो पुनःपुन्हां दिला जातो; आणि ज्याला तो दिला जातो त्याला आपला बचाव करणें कठीण जावें इतकें दोन्ही पक्षांचें बळ विषम असतें. हें बळ नेहमीं मनगटाचेंच असतें असें नाहीं. तें संख्येचें असतें, जिभेचें असतें, आणि आमच्या अनुभवाप्रमाणें ‘शुद्ध’ उच्चारांचेंही असतें.

१९८२ च्या अखेरीस उत्तर नॉर्वेमध्यें १० ते १४ वर्षें वयाच्या तीन मुलांनीं आत्महत्या केल्या. सोबत्यांनीं चालविलेला छळ हेंच त्यांचें कारण असावें असें दिसून येतांच सारा देश हादरला आणि पुढील वर्षीं तेथील सरकारनें दांडगाईविरुद्ध देशव्यापी मोहीम काढली. तिच्या अनुषंगानें ओल्व्हेयस यांनीं बर्गेन शहरांतील ४२ शाळांतल्या सुमारें २,५०० मुलांवर अडीच वर्षें लक्ष ठेवलें. उपाय कांहीं अद्भुत नव्हते. मधल्या सुट्टींत मोठ्या माणसांची नजर, वर्गापुढें ठेवलेले दोनचार स्पष्ट नियम, नियमितपणें भरणाऱ्या वर्गसभा, आणि छळणाऱ्या व छळल्या गेलेल्या मुलांशीं व त्यांच्या पालकांशीं गंभीरपणें केलेलें बोलणें, एवढेंच. तरीही दोन वर्षांत दांडगाईचें प्रमाण सुमारें निम्म्यावर आलें. ‘मुलें म्हटलीं म्हणजे हें चालायचेंच’ असें म्हणून स्वस्थ बसणाऱ्यांनीं हा अनुभव अवश्य लक्षांत घ्यावा.

या अभ्यासाचें पुढचें पाऊल फिनलंडमध्यें पडलें. क्रिस्टीना साल्मिव्हाल्ली या विदुषीनें १९९६ सालीं असें दाखवून दिलें कीं, वर्गांत छळ चालतो तेव्हां जवळजवळ प्रत्येक मुलाची त्यांत कांहींना कांहीं भूमिका असते. कोणी छळणाऱ्याला हात देतें, कोणी हसून त्याला चढवितें, कोणी बाजूला सरून राहतें, आणि थोडींच मुलें छळल्या जाणाऱ्याची बाजू घेतात. कॅनडांतील टोरांटो येथें शाळांच्या क्रीडांगणांवर दुरून चित्रण करण्यांत आलें. त्यावरून २००१ सालीं प्रसिद्ध झालेले आंकडे विचार करण्याजोगे आहेत. दांडगाईच्या शंभर प्रसंगांपैकीं ८८ प्रसंगीं इतर मुलें जवळ हजर होतीं. परंतु त्यांतील कोणी मध्यें पडलें असे प्रसंग अवघे १९ होते. आणि मुख्य गोष्ट ही कीं, जेव्हां कोणी मध्यें पडलें तेव्हां निम्म्याहून अधिक वेळां तो छळ १० सेकंदांच्या आंत थांबला.

दहा सेकंद! आमच्या चिरंजीवांच्या वर्गांत ४४ मुलें ते दहा सेकंद वर्षभर आपापल्या खिशांत बाळगून बसलीं होतीं.

बघ्यांच्या या मौनाचा इतिहास आपल्याकडे बराच जुना आहे. सातारच्या शाळेंत शिकत असतांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळें बसावें लागे, आणि शाळा सुटली कीं तो तुकडा घरीं परत न्यावा लागे. तहान लागली तर शिपायानें नळ सोडल्याखेरीज त्यांना पाणी मिळत नसे. हें त्यांनीं स्वतः लिहून ठेवलें आहे. तेथें छळणारा कोणी एक व्रात्य मुलगा नव्हता. तें काम रूढीच करीत होती. परंतु वर्गांत इतर मुलेंही बसत होतीं आणि तीं संध्याकाळीं कुठल्या ना कुठल्या घरीं परतत होतीं. त्या घरांपैकीं पुष्कळ घरें आपल्यासारख्यांचींच होतीं. मुलें जें पाहतात आणि ज्याविषयीं घरीं कोणी कांहीं विचारीत नाहीं, तें त्यांना रीतसर वाटूं लागतें.

आतां या मौनाला शाळेच्या जगांत एक सोज्ज्वळ नांव आहे. ‘चहाडी करूं नये’ हा मुलांचा अलिखित कायदा आहे, आणि तो आपणच त्यांना पढवितों. म्हणून चहाडी आणि वर्दी यांतील भेद मुलांना लहानपणींच समजावून दिला पाहिजे. एखाद्याला शिक्षा व्हावी या हेतूनें सांगणें ही चहाडी. एखाद्याची संकटांतून सुटका व्हावी म्हणून सांगणें ही वर्दी. शेजारच्या घराला आग लागली असतां ‘मी चहाडखोर नाहीं’ असें म्हणून कोणी गप्प बसत नाहीं. हा दाखला आठ वर्षांच्या मुलालाही कळतो. आम्हीं सांगून पाहिलें आहे.

परंतु मुलाला ‘मध्यें पड’ असें नुसतें सांगून भागणार नाहीं. दांडग्याशीं दोन हात करण्याची अपेक्षा सर्वांकडून करणें अन्यायाचें आहे. आमच्या मतें तीनच गोष्टी शिकवाव्या. पहिली, हसूं नये. कारण छळणाऱ्याला खरें खाद्य मिळतें तें प्रेक्षकांच्या हसण्यांतून. व्हॉट्सॲपवर आलेली कुचेष्टा पुढें न धाडणें हेंही यांतच आलें. दुसरी, जो एकटा पडला आहे त्याच्या शेजारीं जाऊन डबा उघडावा. यास धैर्य फारसें लागत नाहीं आणि परिणाम मोठा होतो. तुर्कू विद्यापीठांत तयार झालेली ‘किवा’ नांवाची योजना २००९ पासून फिनलंडच्या शाळांत सर्वत्र सुरू झाली. तींत शिक्षक वर्गांतील दोनचार मानाच्या, समंजस मुलांना बोलावून छळल्या गेलेल्या मुलाला सोबत देण्यास मुद्दाम सांगतात. तिसरी गोष्ट, विश्वासाच्या एका मोठ्या माणसाला सांगावें, आणि त्यानें कानाआड केलें तर दुसऱ्याला सांगावें.

आपलेंच मूल छळ सोसत असेल तर? ‘तूंही एक ठेवून दे’ हा सल्ला बहुधा निरुपयोगी ठरतो. तसें करण्याची ताकद असती तर त्याच्यावर ही वेळच आली नसती. आधीं शांतपणें ऐकून घ्यावें. काय झालें, कोठें झालें, कोणत्या दिवशीं झालें हें टिपून ठेवावें, आणि दुसऱ्या मुलाच्या घरीं भांडावयास न जातां तें टिपण घेऊन वर्गशिक्षकांकडे जावें. आणि आपलेंच मूल दांडगाई करीत आहे असें कानावर आलें तर? ही वेळ आईबापांच्या खऱ्या कसोटीची. ‘आमचा मुलगा तसा नाहीं’ हें वाक्य निदान एक दिवस गिळून ठेवावें. मुलाला मारूं मात्र नये. बलवानानें दुर्बळाला मारावें हाच धडा तेथें पुन्हां गिरविला जातो. झालेलें नुकसान त्याच्याच हातून भरून निघेल असें पाहावें.

कायदे झाले नाहींत असें नाहीं. महाराष्ट्रांत रॅगिंगविरुद्ध कायदा १९९९ सालीं झाला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानें मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास व त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळानें २०१५ सालीं आपल्या शाळांना दांडगाईच्या प्रतिबंधासाठीं समित्या नेमण्यास सांगितलें. हें सारें आवश्यक आहे. परंतु जिन्याखालीं डबा खाणाऱ्या मुलापर्यंत समिति पोंचेल ती कोणी तरी जाऊन सांगेल तेव्हांच. आणि तें ‘कोणी तरी’ आपल्याच घरांत वाढत असतें.

तो मुलगा अखेर शाळा सोडून गेला. आमच्या चिरंजीवांनीं त्याला फोन करून क्षमा मागितली. तो ‘बरं’ म्हणाला आणि त्यानें फोन ठेवला. याहून अधिक कांहीं मिळण्याचा आमचा हक्कही नव्हता. घरीं मात्र दोन गोष्टी बदलल्या. गवळ्याची नक्कल बंद झाली. आणि रात्रीं जेवतांना ‘आज किती गुण मिळाले?’ या नित्याच्या प्रश्नाआधीं दुसरा एक प्रश्न विचारण्याचा परिपाठ आम्हीं ठेवला आहे : ‘आज मधल्या सुट्टींत एकटं कोण बसलं होतं?’

पहिले कांहीं दिवस उत्तर ‘माहीत नाहीं’ असें येई. हल्लीं नांव येतें. वाचकांनीं या जूनपासून हा प्रश्न आपल्या घरीं विचारून पाहावा, आणि एखाद्या दिवशीं उत्तर ‘मीच’ असें आलें तर हातांतलें काम बाजूला ठेवून तें ऐकावें, एवढीच आमची विनंति आहे.